शिवू नका

प्रेस्टनमध्ये रविवारी कुंपणं छाटतात.
शेजारचा ऑलर्टन सकाळच्या दवातच उतरला होता,
हातात विजेची कात्री, मागे नारिंगी वायर,
मधेच काळ्या टेपने जोडलेली.
मी खिडकीशी उभी, मेथी निवडत.

कात्रीचा आवाज बदलला.
आधी लक्षात आलं नाही. मग दिसलं,
तो तिला सोडत नव्हता.
किंवा ती त्याला.

वडील मूर्तिजापूरला वायरमन होते.
करंट माणसाला धरतो, म्हणायचे,
आणि सोडवायला जाईल त्यालाही.
घनश्याम काका खांबावरून पडले तेव्हा
गावाने त्यांना गळ्यापर्यंत रेतीत पुरलं,
वीज मातीत उतरते म्हणून.
तळवे चोळले. कांदा हुंगवला.
सगळं केलं, छाती तेवढी कुणी दाबली नाही.
वडिलांनी हे वीस वर्षांनी सांगितलं, स्वतःच्या चपलांकडे बघत.

मॉरीन मागच्या दारातून धावली,
दोन्ही हात पुढे, पीठ लागलेले.
आणि मी कुंपणावरून ओरडले, मराठीत:
शिवू नका!

हा शब्द.
आईच्या चार दिवसांत परसात बसवलेला,
विहिरीच्या काठावर दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेला.
मुलीला मी तो शिकवलाच नाही.
आणि नेमका तोच तोंडात तयार होता.
मॉरीनला कळलं नसणार काहीच.
पण ती थांबली.

आमच्या बेकरीच्या कँटीनमध्ये, मार्चमध्ये,
ट्रे सरकवून ग्वेनेथने रबरी बाहुला मांडला होता.
आधी थांबा, म्हणाली. आधी वीज, मग माणूस.
आम्ही हसलो होतो. चहा गार होत होता.

प्लग फ्रिजच्या मागे कुठेतरी.
म्हणून जिन्याखाली: कोट, छत्र्या, व्हॅक्यूम,
नाताळच्या झाडाचं खोकं, अजून कोट,
आणि त्यांच्यामागे बोर्ड, जुना, घराइतकाच.
खटका खाली.
घर एकदम गप्प झालं.
धुण्याचं मशीन. रेडिओवरचा पाद्री.
बाहेर गवतावर काहीतरी पडल्याचा आवाज.

आता शिवायचं.
छाती हलत नव्हती. ओठ वांग्याच्या रंगाचे.
नऊ नऊ नऊ, मॉरीनच्या हातात फोन, स्पीकरवर.
तळहाताची टाच छातीच्या मधोमध,
कोपरं ताठ, अंगाचं सगळं वजन.
एक, दोन, तीन,
मी मराठीतच मोजत होते,
पाढे ज्या भाषेत पाठ, त्याच भाषेत.
अकराव्याला आत काहीतरी कडकन मोडलं.
मोडेल, म्हणाली होती ग्वेनेथ. तुम्ही थांबू नका.
तीस. दोन श्वास. पुन्हा एक.

कोपऱ्यावरच्या दुकानातला कियारन
भिंतीवरची हिरवी पेटी घेऊन पळत आला.
ओली छाती टॉवेलने पुसली, चिकटपट्ट्या लावल्या.
पेटी बाईच्या आवाजात बोलली, अगदी शांत:
रुग्णाला कुणीही स्पर्श करू नका.
मॉरीनने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.
तेव्हा तिला कळला माझा शब्द.

मग वीज. या वेळी मोजून दिलेली.

ऑलर्टन आता सगळ्या गल्लीला सांगतो,
दोन बरगड्या तुझ्या नावावर आहेत.
घेवड्याच्या शेंगा आणून देतो, भरमसाट.
शुद्धीवर आल्या आल्या तो म्हणाला होता, मी ठीक आहे, चहा ठेव,
आणि अँब्युलन्समधल्या पोरीने त्याला उठूच दिलं नाही:
हृदय नंतरही फसवतं, म्हणे, रात्रभर तारा लावून बघावं लागतं.

रात्री वडिलांना फोन केला.
त्यांनी आधी एवढंच विचारलं,
आत कुठून शिरली?
उजवा तळहात. मसुरीएवढा डाग, मधोमध पांढरा.
बाहेर कुठून?
डावी टाच. बूट फाटलाय.
खूप वेळ काही नाही.
आणि छाती? दाबलीस?
दाबली.
फोनमध्ये रेती सरकावी तसा आवाज आला.
लाइन खराब असेल.